हवेवर उभं आभाळ

पूनमनं लोखंडी खुंटी शाळेच्या अंगणातल्या दोन ब्लॉकांच्या फटीत उभी धरली आणि हातोडा घातला. खुंटी ठण्ण करून वाजली, उडाली आणि तिच्याच पायाशी येऊन पडली. तिनं पुन्हा धरली, पुन्हा तेच. तिसऱ्या घावाला ब्लॉकचा टवका निघाला, तसे व्हरांड्यातून मुख्याध्यापक दोरगे सर जवळजवळ पळतच आले.

"ओ मॅडम! ब्लॉक फोडताय का आमचे? मागच्याच महिन्यात बसवलेत. सरपंचांनी पाहिलं तर मला इथंच गाडतील."

"सर, खुंट्या ठोकल्याशिवाय डोम बाहेर उभा करता येत नाही."

"मग ठोकू नका. बांधा कशाला तरी. एवढं लिंबाचं झाड आहे, तुमची गाडी आहे."

"हॉल नाहीच का मिळणार?"

"हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नाही. कंपनीनं दिलेले बेंच येऊन पडलेत, अजून दोऱ्यासुद्धा सोडल्या नाहीत. साहेबांच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणे."

असं म्हणून सर निघूनही गेले. टवका निघालेल्या ब्लॉकवर जाताजाता त्यांनी हळूच चपलेनं माती सारली.

पूनम तिथंच उकिडवी बसून राहिली. तिच्या मागं डोम अजून जमिनीवर घडी होऊन पडला होता. फुगवला की सहा मीटर रुंद घुमट व्हायचा, बाहेरून रुपेरी, आतून पांढरा. त्याला ना खांब, ना तुळई. कोपऱ्यातला पंखा कापडाच्या नळीतून अखंड हवा भरत राहायचा आणि त्या हवेवरच तो उभा असायचा. खालची जमीनही कापडाचीच, कडेनं शिवलेली. पोरांनी एका बोगद्यातून रांगत आत जायचं, अंधारात बसायचं आणि डोक्यावर ग्रह बघायचे. शिरूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकलेली पूनम हे फिरतं तारांगण घेऊन पाच वर्षं शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या शाळा पालथ्या घालत होती. शिक्रापूर झालं, कासुर्डी झालं, आणि आज भांडगावच्या पुढं हायवे सोडून आत, चिंचवस्तीवर.

डोमबरोबर जी पुस्तिका आली होती तिच्यात ठळक अक्षरांत छापलं होतं की हा बाहेर उभा करू नये. करावाच लागला तर सगळ्या खुंट्या ठोकाव्यात. हे तिला तोंडपाठ होतं. मग गुमान घडी उचलायची आणि शिरूरचा रस्ता धरायचा, की नाही? पण चिंचवस्तीचा कार्यक्रम आधी दोनदा पुढं ढकलला होता. एकदा परीक्षा आली, एकदा पंखा जळाला. आता चार दिवसांत उन्हाळ्याची सुट्टी. चौथी-पाचवीची पोरं सकाळपासून खिडकीच्या गजांना नाकं लावून उभी होती. नाही म्हणायला जी जीभ लागते ती पूनमकडं नव्हतीच.

"मामा, काय करायचं?"

टेम्पोतून दोर काढत असलेले हौशीराम मामा वळले. साठीचे, काटक. टेम्पो त्यांचाच आणि चालवायचेही तेच. पूनमच्या आईच्या माहेरचे, म्हणून मामा.

"करायचं काय? एक दोर झाडाला, एक माझ्या गाडीला. ऱ्हायल्या दोन बाजू, तिथं पाण्याचं जार ठिवू. दोन-दोन."

"चार जार म्हणजे ऐंशी किलो फक्त."

"आगं, आत पोरं बसत्यात की. बेचाळीस पोरं म्हंजी धा क्विंटल कुठं गेलं न्हाई. त्या वजनानं हलायचं न्हाई त्ये."

मामा सहज बोलून गेले. पूनमला मात्र भलतंच आठवलं. कुठल्याशा जत्रेतला एक व्हिडिओ तिनं मागं मोबाईलवर पाहिला होता. पोरं उड्या मारायची ती हवा भरलेली गादी, रंगीबेरंगी. स्वच्छ ऊन पडलेलं. आणि एका क्षणात ती गादी पोरांसकट उचलली गेली. पुढचं तिनं पाहिलंच नव्हतं, बोट लावून बंद केलं होतं. पण न पाहिलेलं जास्त छळतं माणसाला. तेव्हापासून बाहेर कुठं पताका जरी फडफडली तरी तिची मान आपोआप तिकडं वळायची.

लिंबाची पानं तिनं बराच वेळ न्याहाळली. एकही हलत नव्हतं.

"बांधा," ती म्हणाली.

साडेदहाला पोरं ओळीनं बाहेर आली. ब्लॉकवर चपलांची रांग लागली. चपला काढून, गुडघे टेकून एकेक जण बोगद्यात शिरू लागला. बेचाळीस पोरं आत जायला बरोबर सात मिनिटं लागली. पूनम मोजत होती. ती एरवीही मोजायची, पण आज मिनिटंही मोजली. सगळ्यात शेवटी एक किडकिडीत पोरगी उरली, दोन घट्ट वेण्या, गणवेशाच्या बाह्या दुमडलेल्या. ती बोगद्याच्या तोंडाशी बसून आत डोकावत होती.

"काय नाव तुझं?"

"सृष्टी."

"जा की बाळ."

"आत लय अंधार हाय का?"

"आहे. पण मी असते ना आत. तुमच्याजवळच बसते मी."

सृष्टीनं तिच्याकडं एकदा नीट बघून घेतलं आणि आत गेली. पूनम तिच्या मागं रांगत गेली.

आत शिरलं की बाहेरचं जग पुसलं जायचं. पंख्याची घरघर, पोरांच्या घामाचा वास आणि वर काळंभोर आभाळ. पूनमनं लॅपटॉपची कळ दाबली आणि स्पीकरमधून तिचाच आवाज येऊ लागला. गेल्या वर्षी दिवसाला पाच-पाच खेळ करून तिचा घसा पार बसला होता, तेव्हा तिनं सगळं एकदाच रेकॉर्ड करून ठेवलं. आवाज मात्र असा मऊ आणि जवळचा की पोरांना वाटायचं, बाई अंधारात आपल्या शेजारी बसूनच सांगतायत.

"पृथ्वी तापते, तशी तिला चिकटलेली हवा तापते," आवाज सांगत होता. "तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा रिकामी राहत नाही, शेजारची हवा धावत येते. एवढंच. जगातला सगळा वारा एवढ्या एका गोष्टीतून निघतो."

एवढंच! पूनमला आपल्याच शब्दाचा राग आला. खालून कापड चटके देऊ लागलं होतं. ऊन चढलं होतं, ब्लॉक तापले होते, आणि शाळेच्या भिंतीपलीकडचं गव्हाचं रान तर कधीच मोकळं होऊन पडलेलं. तापायला याहून चांगली जमीन कुठली?

ती कुणाला न कळता रांगत बाहेर आली.

बाहेर काही नव्हतं. लिंब निपचित उभा. दुसऱ्या वर्गात सारिका मॅडम पुढच्या तुकडीला पाढे म्हणायला लावत होत्या. मामा गाडीच्या दारात बसून तंबाखू मळत होते.

"आता काय झालं?"

"काही नाही. वारा बघायला आले."

"वारा काय बघायचा आसतो? बस जा आत गप. का मलाच पाठवती?"

"चला की. पाच वर्षांत एकदा तरी बघा काय दाखवते ते."

"नगं बाई." मामांनी तळहात झटकले. "मोकळ्या आभाळाखाली हाय तेच बरं हाय. तुला म्हाईत हाय माझं."

तिला माहीत होतं. तरणेपणी मामा विहिरी खोदायच्या कामावर जायचे. एकदा कड ढासळली आणि मामा छातीपर्यंत मातीत गाडले गेले, दुपारपासून दिवस मावळेपर्यंत. तेव्हापासून घरातसुद्धा ते दार लोटून झोपत नसत. डोमच्या बोगद्याजवळ कधी जावं लागलंच तर मामा तोंड फिरवून उभे राहायचे.

ती परत आत गेली. गुरू ग्रहावरचं वादळ चाललं होतं, ज्यात आपली अख्खी पृथ्वी मावेल. "दीडशे वर्षांच्या वर झाली, ते थांबलेलं नाही," आवाज म्हणाला, आणि पोरं एका सुरात "आई शप्पथ" म्हणाली. मग शुक्र आला. शुक्राला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला आपले दोनशे त्रेचाळीस दिवस लागतात, पण त्याचे ढग चार दिवसांत त्याला फेरी घालून येतात. खाली हवा इतकी जड की समुद्राच्या तळाशी असल्यासारखी दाबते. पूनमचं लक्ष नव्हतं. डोमचं कापड वरून किंचित आत दबल्यासारखं झालं आणि परत सरळ झालं. एवढंसं. पोरांना कळलंही नाही.

ती पुन्हा बाहेर आली. आणि या वेळी तिला ती दिसली.

भिंतीपलीकडं गव्हाच्या रानात धूळ उठली होती. आधी कंबरेएवढी, मग माणसाएवढी, मग शेजारच्या ऊसतोड झालेल्या वावरात शिरली तशी एकदम उंच. वाळलेलं पाचट तिनं ओढून घेतलं आणि लांब लांब पाती गोल फिरत वर जाऊ लागली, विजेच्या खांबाच्या वर, त्याच्याही वर. आभाळ निळंशार होतं. ढगाचा ठिपका नव्हता. वावटळीला ढग लागत नाही, तिला फक्त तापलेली जमीन पुरते, हे पूनमनं शेकडो पोरांना सांगितलं होतं.

डावीकडं सरकतेय का? उजवीकडं? तिनं मागच्या खांबाशी ताडून पाहिलं. वावटळ खांब सोडायला तयार नव्हती. जागच्या जागी उभी होती आणि रुंद होत चालली होती. जी गोष्ट बाजूला सरकत नाही आणि नुसती मोठी होत जाते, ती सरळ आपल्याकडंच येत असते.

"मामा!"

गाडीचं दार उघडं होतं. मामा तिथं नव्हते. गेले असतील कोपऱ्यावर चहाला, नेमके आत्ताच! तिला रडू फुटायचं बाकी राहिलं.

सात मिनिटं. पोरं आत जायला सात मिनिटं लागली होती, यायलाही तेवढीच लागणार. तेवढा वेळ नव्हता. आणि जसजसं एकेक पोर बाहेर येईल तसतसा डोम हलका होईल. दहाचे पाच क्विंटल, पाचाचे दोन. मग शेवटच्या दहा पोरांचं काय? सृष्टी सगळ्यात शेवटी शिरली होती म्हणजे दाराशी होती, पण दाराशी कुणाला बसवलं आणि आतल्या कडेला कुणाला, हे काय तिनं ठरवलं होतं?

आतून तिचाच शांत आवाज येत होता. "आता आपण मंगळावर उतरतोय. इथंही वावटळी उठतात. आठ-आठ किलोमीटर उंच! पण घाबरायचं नाही हं. मंगळावरची हवा फार विरळ आहे. ताशी शंभर किलोमीटरचं वारं सुटलं तरी तुम्हाला ती नुसती झुळूक वाटेल."

मंगळावर. इथली हवा विरळ नव्हती. इथली हवा चांगली जाडजूड होती, पत्रे उचलणारी.

भरलेला डोम म्हणजे शीड. शीडच नसेल तर वारा धरणार कशाला? हे तिच्या डोक्यात आलं आणि पुढचा विचार करायच्या आत तिनं पंख्याची वायर खेचली. घरघर बंद पडली. मागच्या बाजूची मोठी चेन तिनं दोन्ही हातांनी ओढली. आतली हवा भस्सकन तिच्या तोंडावर आली, गरम आणि पोरांच्या वासाची, आणि घुमट एका बाजूनं खचायला लागला.

"पोरांनो, खाली झोपा! पालथे झोपा सगळे! काही होत नाही!" ती चेनमधून ओरडली. आत कुणी तरी खिदळलं. लॅपटॉप बॅटरीवर होता, तो आपला बोलतच होता.

आता आत शिरायचं होतं. तिनं एक गुडघा कापडावर टेकवला. एक हातही आत घातला. एवढं तिला नंतर लख्ख आठवत होतं, गुडघ्याखालचं गरम कापडसुद्धा. आणि त्याच वेळी सायकल स्टँडचा पत्रा किंचाळला.

कानाशी सगळं एकदम गर्जायला लागलं. डोळ्यांत, नाकात, दातांत माती. पाचटाची पाती गालावर सपासप बसली. काही तरी मोठं फरफटत गेलं, कुठं तरी दोर ताणल्याचा करकर आवाज आला, कापड फाडफाड आपटत होतं, आपटत होतं, आणि त्या सगळ्याच्या खालून, वेड लागल्यासारखा, तिचाच आवाज: "नुसती झुळूक." 

मग थांबलं. अर्धा मिनिटही झालं नसेल.

पूनमनं डोळे उघडले. तिच्या गालाला व्हरांड्याचा खांब लागलेला होता. दोन्ही हातांची घट्ट मिठी होती त्याला. डोम तिथून वीस पावलांवर होता. ही वीस पावलं आपण कधी चाललो, पळालो की काय केलं, हे तिला काही केल्या आठवेना.

डोम जमिनीवर पसरला होता. रुपेरी कापडाखाली छोटे छोटे उंचवटे होते. दोन जार भिंतीपाशी जाऊन फुटले होते, गाडीच्या दोराची गाठ आवळून दगड झाली होती. कापडाची एक कड उलटी होऊन पडली होती. म्हणजे तिथं वावटळीनं उचलायचा प्रयत्न केला होता. भरलेला असता तर? पूनम डोमकडं पळाली.

"उठा रे! या बाहेर, एकेक करून या!"

उंचवटे हलले. पहिलं पोर चेनमधून बाहेर आलं, केस विस्कटलेले, डोळे मिचकावत. मग दुसरं. ती हात लावून लावून मोजत होती. बारा. तेवीस. एक जण रडत होता पण त्याचं कोपर खरचटलं होतं, एवढंच. तीस. छत्तीस. आयुष नावाचा पाचवीतला एक गुबगुबीत मुलगा बाहेर येताच म्हणाला,

"बाई, एक नंबर! आभाळच पाडलं तुमी आमच्या आंगाव! शुक्रावर आसंच दाबतं का?"

चाळीस. एक्केचाळीस. आणि मग सृष्टी. बेचाळीस.

तोवर सगळी वस्ती गोळा झाली होती. सायकल स्टँडचा पत्रा रस्त्याच्या पलीकडं बाभळीत अडकलेला सगळ्यांनी पाहिला आणि मग मागं वळून त्या पडलेल्या कापडाकडं पाहिलं. दोरगे सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम, हवा सोडली नसती तुम्ही... बाप रे! बाप रे बाप!"

"आन् पोरं रडली कशी न्हाईत?" कुणी तरी विचारलं.

"बाई बोलत हुत्या की आमच्यासंगं," आयुष म्हणाला. "घाबरायचं न्हाई म्हणल्या, नुसती झुळूक हाय."

"माझा तर हात धरला व्हता बाईंनी," सृष्टी म्हणाली. "वारं आलं तवापसनं पार थांबंस्तोवर."

सृष्टीची आजी, गिताबाई, शेतातून तशीच आली होती, पदराला माती. तिनं पूनमच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "पोटच्या पोरावानी जपलं गं माय तू. आमच्या नशिबानं आली." बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. कुणी पाणी आणलं, कुणी चहा टाकायला पळालं.

पूनमनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. म्हणजे बोलायला नको. शेजारच्या कुणाचा तरी हात सापडला असेल पोरीला अंधारात, तिनं स्वतःला सांगितलं. पोरांचं काय, काहीही वाटतं त्यांना. आणि हवा आपणच सोडली ना? सोडली. पोरं वाचली ना? वाचली. मग? पण गालाला खांबाचा खडबडीत गिलावा अजून टोचत होता. मी असते ना आत, असं कोण म्हणालं होतं त्या पोरीला? आपणच. शरमेनं तिचे कान जळायला लागले.

अंगणभर चपला विखुरल्या होत्या. वावटळीनं बेचाळीस जोड्यांचा पार काला केला होता आणि पोरं आपापली चप्पल हुडकत ओरडत होती. त्या गर्दीत हौशीराम मामाही वाकून काही तरी शोधत होते. अनवाणी. पूनम तांब्या ठेवून त्यांच्याकडं गेली.

"कुठं होता तुम्ही?"

"हितंच. गाडीमागं." मामांनी वर पाहिलं नाही.

"चप्पल कुठंय तुमची?"

"नेली आसंल वाऱ्यानं."

वारा पायातली चप्पल नेत नाही. काढून ठेवलेली नेतो. पूनमनं पडलेल्या कापडाकडं पाहिलं, बोगद्याच्या तोंडाकडं पाहिलं. बोगद्यापाशी, आत शिरताना जिथं पोरं काढून ठेवतात तिथंच, जाड तळाची एक मोठी चप्पल उलटी पडली होती. वावटळ अंगावर येत असताना या माणसानं आधी चपला काढल्या होत्या, आणि मग तो त्या खचत्या अंधारात गेला होता, आणि ती मागं चेनपाशी पोरं मोजत असताना बोगद्यातूनच बाहेर आला होता.

"मामा..."

"कापड घडी करू का?" मामा म्हणाले. "लय ऊन झालंय. ऱ्हाऊ दे ती दुसरी तुकडी, सरांना सांग." आणि घडी न करताच ते गाडीकडं चालू लागले. त्यांची पाठ शर्टासकट घामानं चिंब झाली होती.

"मॅडम, या जरा इकडं!" सर व्हरांड्यातून हाक मारत होते. टेबलावर अभिप्रायाची वही उघडी होती. सर हस्ताक्षराबद्दल प्रसिद्ध होते, आणि आज तर त्यांनी जीव ओतून लिहिलं होतं. भोवती दहा-बारा माणसं ऐकत उभी. सरांनी मोठ्यानं वाचलं: "अशा प्राणावरच्या प्रसंगी पूनम मॅडम स्वतःचा जीव धोक्यात घालून मुलांसोबत आत थांबल्या, त्यांचा हात हाती धरून त्यांना धीर दिला. असं धैर्य विरळा." त्यांनी पेन पुढं केलं. "खाली तुमचीही सही लागते. पद्धत आहे."

पूनमनं पेन घेतलं. टोपण काढलं. सही करायला किती वेळ लागतो?

"बाई, जाती मी."

सृष्टी आजीचं बोट सोडून टेबलापाशी आली होती. तिनं हात पुढं केला, मोठ्या माणसासारखा. पूनमनं पेन डाव्या हातात घेतलं आणि उजवा तिच्या हातात दिला. पोरीनं तो धरला. जरा वेळ धरून ठेवला. मग उलटा केला, अंगठ्यानं तळवा चाचपला, परत सुलटा केला. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली.

"काय गं?" गिताबाईनं विचारलं.

"ह्यो हात न्हाई. त्यो मोठा व्हता. खरबरीत. आन् लय कापत व्हता. मीच त्याला म्हणलं, बाई, घाबरू नगा."

लोक हसले. सरही हसले. "अगं, अंधारात काय कळतंय तुला? भेदरली होतीस तू."

"मी न्हाई भेदरले," सृष्टी म्हणाली.

"गप गं, बाईंना आसं बोलत्यात व्हय?" आजीनं तिला दटावलं, आणि सगळे पूनमकडं बघायला लागले, तिनंही हसावं म्हणून.

पूनमनं पेनाचं टोपण लावलं आणि पेन वहीत आडवं ठेवलं.

"बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला परत म्हणावं लागलं. "बरोबर आहे. मी आत नव्हते. मी या खांबाला धरून उभी होते."

सरांची नजर खांबाकडं गेली, मग वहीतल्या आपल्या सुंदर अक्षराकडं. पूनम पोरीसमोर खाली बसली आणि तिनं गाडीकडं बोट दाखवलं. मामा पाठमोरे उभे होते, ती दगड झालेली गाठ सोडवायला बघत होते, आणि ती काही त्यांच्या बोटांना सुटत नव्हती.

"तो हात तिकडं आहे. जा, भेटून ये."

सृष्टी अंगणातनं निघाली, चपला चुकवत. मामांना चाहूल लागली, त्यांनी वळून पाहिलं. पोरगी आपल्याकडंच येतेय हे दिसलं तसे त्यांनी दोर सोडला आणि दोन्ही तळवे शर्टाला पुसले.